सायकलीच्या मापाचा धुरा

दिनांक १२ फेब्रुवारी १९८३ रोजी मनकर्णाबाईंनी माझ्या टेबलावर दोनशे सतरा रुपये पन्नास पैसे ठेवले. ठेवले म्हणजे पदराची गाठ सोडून ओतलेच. एक-दोनच्या थोड्या नोटा आणि बाकी सगळी चिल्लर. मी तेव्हा झरी भागातल्या सोसायट्यांचा गटसचिव होतो. पाच गावांच्या सोसायट्या मी सायकलवर फिरून सांभाळायचो. कुठल्याच गावात मला कोणी नावाने हाक मारत नसे, सगळे ‘सेक्रेटरी’ म्हणत.

“कशाचे?” मी विचारलं.

“वाटंचे.”

“कुठल्या वाटंचे?”

“वड्यात नळे टाकायचेत. चार गावच्या बायांनी दिलेत. मोजून घ्या अन् तुमच्या पेटीत ठेवा. माझ्यापाशी ऱ्हायले तर लोक म्हनतील बाईनं खाल्ले.”

पावती न मागता पैसे देणाऱ्या माणसाबद्दल मला लगेच शंका येते. वाणिज्य शाखेचं शिक्षण आणि पुढची नोकरी या दोन्हींनी ती सवय लावली. सोसायटीच्या पेटीत परकी रक्कम ठेवता येत नाही, असं मी सांगितलं. मग वेगळं पाकीट केलं, वर रक्कम लिहिली, आणि बाईंना समोर बसवून विचारलं, की चार गावच्या बायकांना ओढ्यात नळे कशाला हवेत.

“त्येंना न्हाई, मला पायजेत,” त्या म्हणाल्या. “त्येंना मी पटवून दिलं.”

मनकर्णाबाईंचं गाव झरी आणि बोरी यांच्या मधल्या शिवारात, सडकेपासून आत. सात एकर रान आणि दम्याने घराबाहेर न पडणारे नवरे, माधवराव. तीन मुली. थोरली झरीत दिलेली, मधली वालूरच्या बाजूला आणि धाकटी कावेरी बोरीकडच्या व्यंकटरावांच्या घरात. व्यंकटराव तिचे सासरे, मोठे शेतकरी. ते गावात राहत नसत, शेतातच आखाड्यावर राहत. आखाडा म्हणजे आमच्याकडे रानातलं घर, गोठा, कडब्याची गंज आणि विहीर, सगळं एकाजागी. शेजारचं घर हाकेच्याही पलीकडे.

एसटीने कावेरीकडे जायचं तर आधी सडकेपर्यंत चालायचं, गाडीची वाट पाहायची, बोरीला उतरायचं आणि तिथून उलट दिशेला पुन्हा रानात शिरायचं. शिवारातून सरळ गेलं तर अंतर तिसऱ्या हिश्श्याइतकंच उरायचं. मनकर्णाबाई दर आठवड्याला सरळ जायच्या आणि दिवस मावळायच्या आत परत यायच्या. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या सासरी आईबापाने पाणी प्यायचं नाही, ही रीत त्या पाळत. म्हणून मुक्काम नाही, चहा नाही, घोटभर पाणीसुद्धा नाही.

आमच्या भागात वाटेने जाणाऱ्याला कोणीही ‘कुणीकडं?’ असं विचारतो आणि त्याचं उत्तर द्यावं लागतं. बाजार, दवाखाना, कोर्टाची तारीख, लग्न, मयत एवढी कारणं चालतात. ‘लेकीकडं’ हेही चालतं, पण दर आठवड्याला चालत नाही. बाई जमिनीची दलाली करते, असं काहींचं म्हणणं होतं. लेकीला फूस लावायला जाते, असं तिच्या सासरचे म्हणत. मला स्वतःला त्या दागिन्यांची ने-आण करत असाव्यात असं वाटत होतं.

“कावेरीला मारतात का?” मी सरळ विचारलं.

“न्हाई. बोलतेत. लेकरू न्हाई म्हनून बोलतेत. बोलतेत तवर ठीक हाय.” त्यांनी चिल्लर एका बाजूला सारली. “गेल्या साली वड्यापलीकडं एक सून हिरीत पडली. तुमाला म्हाईत हाय का?”

मला माहीत होतं. पाणी शेंदताना पाय घसरला, असं घरच्यांनी सांगितलं आणि तेवढंच कागदावर आलं. सांगायला दुसरं कोणी नव्हतंच.

“कावेरीच्या आखाड्यावर दिवसभरात कुत्रं फिरकत न्हाई, सेक्रेटरी. काही झालं तर बघायला कोन हाय? मला तिथून वाट पायजे. माझ्या एकटीची न्हाई, लोकांची. पायी जानारी, सायकलवर जानारी, दिवसभर चालू असनारी.”

मी पाकीट माझ्या स्वतःच्या पेटीत ठेवलं. बाईवरची शंका गेली असं नाही, पण नळे आणायचं मी कबूल केलं.

नळे परभणीहून आले. ओढ्यात आडवे टाकून वर मुरूम पसरला. आता सायकल खांद्यावर न घेता ओढा ओलांडता येत होता. पंधरा दिवसांच्या आत व्यंकटरावांनी आपल्या रानाच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या रचल्या. जनावरं शिरतात, हे कारण दिलं. जनावरं त्या बाजूने कधी शिरली नव्हती.

इथे व्यंकटराव आणि त्यांचे शेजारी आश्रुबा यांचं प्रकरण सांगायला हवं. बांधाला आम्ही धुरा म्हणतो. या दोघांच्या मधला धुरा पूर्वी इतका रुंद होता म्हणे की त्यावरून बैलगाडी जायची. मी पाहिला तेव्हा एका पावलापुढे दुसरं पाऊल टाकूनच त्यावरून चालता यायचं. दरवर्षी नांगरताना दोघेही आपापल्या बाजूने वीतभर कोरायचे आणि दुसऱ्याने कोरला म्हणून ओरडायचे. दोनदा सरकारी मोजणी झाली. दोन्ही वेळा दगड रोवले आणि दोन्ही वेळा ते जागचे हलले.

त्या पाडव्याच्या सुमाराला रान मोकळं होतं. मी व्यंकटरावांच्या सहीसाठी आखाड्यावर गेलो होतो. काट्यांच्या पलीकडे मनकर्णाबाई येऊन उभ्या राहिल्या.

“राम राम, इवाई.”

“या, इहीणबाई. काट्यापल्याडून कामून बोलायलात? फिरून या की.”

“फिरून यायला कोसभर पडतं. हितंच बरी हाय. धुरा लय बारीक झाला हो तुमचा.”

“आमी न्हाई केला. आश्रुबाचा नांगर खायलाय त्याला.”

“आश्रुबा म्हनतो तुमचा नांगर खातो.”

“त्याच्या तोंडाला काय हाय.”

“मंग मानसं जाऊ द्या धुऱ्यावरून,” बाई म्हणाल्या. “रोज पन्नास मानसं गेली की पन्नास साक्षीदार. ज्यानं कोरला त्याच्या बाजूनं वाट तुटंल. आंधळ्यालाबी कळंल. मोजनीवाल्याला चहा पाजायची गरज न्हाई.”

व्यंकटरावांनी धुरा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. मग माझ्याकडे वळले. “सेक्रेटरी, बाई खरं बोलायलीय का मला फसवायलीय?”

“दोन्ही असू शकतं,” मी म्हणालो.

“तुमाला काय मिळायचं ह्यात, इहीणबाई?”

“कोसभर पाय वाचतेत.”

“एवढ्यासाठी?”

“तुमी जीपमधी फिरता, इवाई. कोस म्हंजी काय ते तुमाला कसं कळावं.”

आश्रुबा पलीकडच्या रानात खाली बसून वेचल्यासारखं करत सगळं ऐकत होते. ते उठून आले. “मलाबी चालतं. येऊ द्या मानसं. मंग कळंल चोर कोन हाय.”

शेजारी चोर आहे याची दोघांनाही खात्री होती. त्यामुळे तडजोड लवकर झाली. रुंदी किती ठेवायची यावर मात्र अडलं. शेवटी माझी सायकल आडवी धरायची ठरली. पुढच्या चाकाच्या टोकाला एक खुंटी, मागच्या चाकाच्या टोकाला दुसरी. हँडल आपल्या बाजूला वळलंय, असं आश्रुबा म्हणाले, म्हणून ते सरळ केलं. मागच्या चाकात हवा कमी असल्याने आपलं बोटभर रान जातंय, अशी शंका व्यंकटरावांनी काढली. मी पंपाने हवा भरली. मग पुन्हा मोजलं, खुंट्या ठोकल्या आणि काट्या निघाल्या. धुऱ्याच्या दोन्ही बाजूंनी माती ओढून तो भरला, वर मुरूम टाकला. आपल्याच बाजूचा मुरूम जास्त गेला, असं दोघेही नंतर मला वेगवेगळे येऊन सांगून गेले.

आखाड्याच्या अंगणाला धुरा लागतो तिथे एक कडुनिंब आहे. त्याखाली मनकर्णाबाईंनी रांजण आणून बसवला. कावेरीच्या सासूला म्हणाल्या, “वाटसरूला पानी पाजलं तर पुन्य लागतं. तुमच्या सुनंच्या हातानं भरा.” नातवाची वाट पाहणाऱ्या सासूला ते पटलं. त्या दिवसापासून कावेरी सकाळी, दुपारी आणि दिवस मावळताना डोक्यावर हंडा घेऊन निंबाखाली येऊ लागली. वाटेने जाणारा प्रत्येकजण तिला पाहू लागला. सासरच्यांना वाटलं ते पुण्य करतायत. आश्रुबांना वाटलं त्यांच्या धुऱ्याची राखण होतेय. बाईंना काय हवं होतं ते त्या बाई आणि मी, दोघांनाच माहीत होतं.

ही गोष्ट शिवारात पसरायला एक बाजार पुरला. धुऱ्याचं भांडण नाही असं गाव आमच्या तालुक्यात सापडणार नाही. नुसती वाट द्या म्हटलं असतं तर कोणी हातभर जागा सोडली नसती. ‘तुमचा शेजारी धुरा खातोय का?’ असं विचारलं की घरातली म्हातारीसुद्धा बाहेर येऊन वाट दाखवायची. माप तेच ठरलं, आडवी सायकल. चार-पाच वर्षांत झरीपासून बोरीपर्यंत आणि मधून फुटून वालूरकडे वाटांचं जाळं झालं. या वाटा सरळ जात नसत. जिथे भाऊबंदकी तिथे वळायच्या, जिथे दोघांचं बरं होतं तिथून लांबून जायच्या. ‘ही बाई भांडणं लावती अन् वाटा काढती,’ असा एक नवा आरोप त्या काळात झाला. मी त्याची चौकशी केली. सगळी भांडणं बाईंच्या आधीची निघाली.

पावसाळ्यात काळ्या रानात सायकल चालत नाही, तीच माणसाच्या खांद्यावर बसते. पण दिवाळीपासून होळीपर्यंत त्या वाटांवर फिरण्यासारखं सुख नव्हतं. पौषात दोन्ही बाजूंची ज्वारी सायकलस्वाराच्या डोक्यावर जायची. समोरून येणारा दिसत नसे. म्हणून वळणावर सायकलवाला घंटी वाजवी आणि पायी चालणारा खाकरे. न खाकरता पुढे आलेल्या माणसाकडे सगळे संशयाने बघत. बाया झरीच्या बाजाराला घोळक्याने जायच्या, माहेरवाशिणी एसटीचे पैसे वाचवून यायच्या-जायच्या, दूधवाले आधी सडकेवरून जायचे ते आता धुऱ्यावरून जाऊ लागले. नामांतराच्या आंदोलनात एसटी बंद पडायची, सडकेवर टायर पेटायचे. त्या दिवसांत सडकेवर अनोळखी माणसाला आधी आडनाव विचारत. धुऱ्यावर ‘कुणीकडं?’ एवढंच विचारत, निदान दिवसा.

एका हिवाळ्यात परभणीच्या एका हायस्कुलातले शिक्षक, बन्सीधर नावाचे, पोरांना घेऊन सायकलींवर आले. निंबाखाली व्यंकटरावांनी त्यांना अडवलं.

“कुणीकडं?”

“कुठं नाही. असंच, फिरायला.”

असं उत्तर आमच्या शिवाराने पूर्वी ऐकलं नव्हतं. व्यंकटरावांनी ते पुन्हा विचारलं, पुन्हा तेच आलं. कालव्याची मोजणी असेल, असं त्यांनी ठरवलं. आश्रुबांनी गुप्तधनावर बोट ठेवलं. दोघांचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं, की हा माणूस खोटं बोलतोय. कावेरीने पोरांना पाणी दिलं. पुढच्या वर्षी बन्सीधर पुन्हा आले. तिसऱ्या वर्षी हुरड्याच्या दिवसांत दर रविवारी परभणीहून सायकली यायला लागल्या. शेणकुटाच्या आरावर कणसं भाजली जायची, हातावर चोळून गरम हुरडा आणि वर तिळाची चटणी. शहरातली माणसं खुशाल पाय पसरून ऊन खात बसायची. व्यंकटरावांना त्याचा थोडा मानही वाटू लागला होता. फक्त जाताना ते पाहुण्यांच्या पिशव्यांकडे बघून घेत.

कावेरीच्या लग्नाला सात वर्षं झाली तरी मूल नव्हतं. घरातलं बोलणं कमी झालं होतं. हे मला मनकर्णाबाईंनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज उतरला होता. “बोलत न्हाईत आता. परवा सासूनं तिच्या केसाला तेल लावलं म्हनं. सात वर्सांत कधी लावलं न्हाई.”

१९८८ च्या डिसेंबरात मी बोरीहून येत होतो. पाणी प्यायला निंबाखाली उतरलो तर रांजण कोरडा. तळाला पाला पडलेला. कावेरीची सासू अंगणात होती.

“कावेरी कुठंय?”

“गावाला गेलीय. मावशीकडं.”

“कुठल्या गावाला?”

“तुमाला पत्ता लिव्हून देऊ का, सेक्रेटरी?”

मी सायकलवर बसलो. थोडं पुढे आश्रुबा ज्वारीतून खाकरत बाहेर आले. “रांजन चार दिस झाले कोरडा हाय. पोरगी दिसली न्हाई. सूर्यभान काल पांढरी कापडं घालून वालूरकडं गेला.” सूर्यभान म्हणजे कावेरीचा नवरा. “मावशी म्हनल्या का? मावशी कुठली. मनकर्णाबाई एकटीच हाय मायबापाला.”

मनकर्णाबाईंना आणायला मी निघालो. आश्रुबा नको म्हणाले. “तुमी हितं थांबा. तुमी गेलात तर मागं काय व्हईल ते कोन बघनार? तुमची सायकलबी हितं दिसू द्या. मी बोरीत भाड्याची घेतो.” व्यंकटरावांविरुद्ध काही करायला मिळालं की आश्रुबांना बळ येई, हे मला माहीत होतं. मी परत निंबाखाली येऊन बसलो.

दुपारपर्यंत जो वाटसरू आला तो रांजणात डोकावला आणि थांबला. दोन दूधवाले, बाजारच्या बाया, बन्सीधर आणि त्यांची सहा-सात पोरं. व्यंकटराव एकदा बाहेर आले, “काय जत्रा हाय का?” म्हणाले आणि आत गेले.

आश्रुबांच्या मागे कॅरिअरवर बसून मनकर्णाबाई आल्या. उतरल्या त्या कोणाशी न बोलता विहिरीकडे गेल्या आणि काठावर गुडघे टेकून खाली पाहू लागल्या. आश्रुबांनी आपल्या रानातून गळ आणला. बादली पडली की काढायचा लोखंडी आकडा, दोराला बांधलेला. तो त्यांनी आत सोडला. आकडा दगडांना घासत खाली जाताना ऐकू येत होता.

व्यंकटराव धावत आले. “इहीणबाई, काय करायलात हे?”

“पानी बघायलेय,” बाई म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही.

तेवढ्यात माळवदाच्या खोलीतून आवाज आला. “माय, मी हितं हाय. उठ तिथून.”

बाई तशाच बसून राहिल्या. बाजारच्या दोघींनी त्यांना धरून उठवलं. कावेरी चादर पांघरून दारात उभी होती. सासूने तिला आत ओढायचा प्रयत्न केला, पण एवढ्या लोकांसमोर जमलं नाही. मग सासूच बोलायला लागली. “चौथा म्हैना हाय. डागदरीनबाईनं हालू नको म्हनलंय. सात वर्सांनी ऱ्हायलंय. तुमच्या ह्या वाटंवरून रोज शंभर डोळे जातेत. कुनाची दिष्ट लागंल, सांगता येतं का? म्हनून ठिवली आत.”

“मलाबी सांगितलं न्हाई?”

“तुमाला सांगितलं म्हंजी वाटंला सांगितलं.”

लोक हसले. बायांनी कावेरीवरून बोटं मोडली, दूधवाले गेले, पोरांनी सायकली काढल्या. मनकर्णाबाई हसल्या नाहीत.

“अन् वालूर?” त्यांनी विचारलं.

“सूर्यभान बैलजोडी बघायला गेलाय,” व्यंकटराव म्हणाले.

“पांढरी कापडं घालून?”

व्यंकटराव गोठ्याकडे वळले.

बाईंना लेकीला घेऊन जायचं होतं. पण डॉक्टरीणबाईंनी हालचाल नको म्हटलं होतं. बैलगाडी सायकलीच्या मापाच्या धुऱ्यावर चढत नव्हती आणि सडकेच्या बाजूच्या गाडरस्त्याला इतके धक्के की तो विचारच सोडावा. आखाड्यावर राहणं बाईंना चालत नव्हतं, मूल व्हायचं होतं अजून. मग त्या धुऱ्यावरच बसल्या. आश्रुबांनी कडबा ठेवायचं खोपटं मोकळं करून दिलं. “माझ्या बाजूला ऱ्हा, बाई. त्येंच्या बाजूला बसलात तर उठवतील.” तीन दगडांची चूल मांडून त्या तिथे राहिल्या. माधवरावांचं जेवण थोरलीने झरीहून येऊन पाहिलं. रांजण आता बाई भरायच्या. कावेरीची बाज रोज दारात येईल, एवढं त्यांनी व्यंकटरावांकडून कबूल करून घेतलं. खोपट्यातून ती बाज दिसायची.

व्यंकटराव मला येऊन भेटले. “सेक्रेटरी, तिला उठवा. धुरा माझा हाय.”

“अर्धा,” मी म्हणालो. “आणि त्यावरची वाट तुम्हीच लोकांना दिलीय. माझ्या चाकात हवा भरून घेतली होती तुम्ही.”

संक्रांतीनंतर एका दुपारी मी बाईंकडे बसलो होतो. बोरीकडची काही कामं होती म्हणून गेलो होतो, आणि खरं तर काय चाललंय ते बघायलाही. वालूरच्या वाटेने तिघे खाकरत आले. वडीलधारे दोघे पटक्यातले, एक तरुण. निंबाखाली बसून पाणी प्याले.

“कुणीकडं?” बाईंनी विचारलं.

“हितंच. व्यंकटरावांचा आखाडा हाच का, मावशी?”

“हाच.”

“घर कसं हाय?”

“खायाप्यायला लय हाय. चाळीस एकर, दोन हिरी.”

“अन् पोरगा?”

“कामाचा हाय.”

सगळ्यात मोठा जरा जवळ सरकला. “पहिलीला लेकरू होत न्हाई म्हनं. तिला सोडून दिलीय म्हनं.”

“कुनी सांगितलं?”

“त्यानंच. महिना झाला असंल, आमच्या घरी आला होता.”

मनकर्णाबाईंनी आखाड्याच्या दाराकडे हात केला. “ती बाजंवर बसलीय बघा. पाचवा सरला तिला. माझी लेक हाय.”

तिघांनीही तिकडे पाहिलं. कावेरी ऊन घेत केस विंचरत होती. म्हाताऱ्याने पेल्यात उरलेलं पाणी मुळाशी ओतलं आणि पेला उपडा ठेवला.

“मंग आता?” तरुणाने विचारलं.

“चल.”

ते आल्या वाटेने गेले. वळणावर खाकरल्याचा आवाज आला आणि मग काही नाही. बाई उठून चुलीतली राख सारखी करू लागल्या.

व्यंकटरावांनी आपल्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, असं सांगितलं. मी त्यावर विश्वास ठेवलेला नाही. पुढे सूर्यभान एकदा वाटेत भेटला तेव्हा तो म्हणाला, “आधीच ठरलं होतं, सेक्रेटरी. मंग हिला दिस गेले. मोडायचं कसं ते कळंना.” हे खरं असेल. मुलगी झाली तर असावं म्हणून त्याने ते ठेवून दिलं असेल, हेही तितकंच शक्य आहे. मी दोन्ही धरून चालतो. वालूरकडची सोयरीक मात्र मोडली आणि ती कशी मोडली हे त्या वाटेवरच्या प्रत्येक गावाला कळलं. त्यानंतर त्या घराला कोणी दुसरी मुलगी दाखवली नाही.

वैशाखात परभणीच्या दवाखान्यात कावेरीला मुलगी झाली. मनकर्णाबाईंनी खोपटं झाडून आश्रुबांना परत दिलं. सूर्यभान आता शेत नीट करतो, बायकोशी बोलतो, असं लोक सांगतात. मुलगी पाच वर्षांची आहे. वाटेने येणाऱ्याला ती लांबूनच ‘कुणीकडं?’ विचारते.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन. तोपर्यंत सायकल चालू आहे. सगळ्या वाटा राहिल्या नाहीत. जिथे भावाभावांचं जमलं तिथे त्यांनी मिळून धुरा नांगरला आणि वाट गेली. व्यंकटराव आणि आश्रुबांचं जमलेलं नाही, त्यामुळे तो धुरा जसाच्या तसा आहे. मनकर्णाबाईंचे गुडघे गेलेत. त्या आता कोणाच्या तरी कॅरिअरवर बसून येतात आणि आखाड्यावर उतरल्या की आधी विहिरीत बघतात. मी त्यांना कारण विचारलेलं नाही.

आश्रुबांनी त्या दिवशी बोरीतून सायकल नेली ती व्यंकटरावांच्या घरचं काम म्हणून, त्यांच्याच नावावर. ती दोन दिवस आश्रुबांकडेच राहिली. सून तुमची, भाडंही तुमचं, असं आश्रुबा म्हणतात. मी सायकल मागवली नव्हती, असं व्यंकटराव म्हणतात. सायकलवाल्याचे भाड्याचे सहा रुपये अजून यायचे आहेत.